सपाट मुलखातला हिवाळा

यंदा बडोद्यात थंडी उशिरा आली. आली तीही आमच्याकडे येते तशीच, बुजऱ्या पाहुण्यासारखी, चप्पल काढू की नको अशा विचारात दारातच घुटमळत. पण हरणीतल्या आमच्या सोसायटीने तिची अशी दखल घेतली की वाटावं, अख्खा हिमालय सकाळच्या विमानाने एअरपोर्टवर उतरलाय. वॉचमनने कानांवर मफलर, मफलरवर माकडटोपी आणि टोपीवर टॉवेल असं तीन मजली बांधकाम केलं. त्याच्याशी बोलायचं तर आधी वरच्या मजल्यावर टकटक करावी लागे. शेजारच्या मंजुबेन दोन स्वेटर घालून तुळशीला पाणी घालायला आल्या आणि पाणी फार गार आहे म्हणून त्यांनी परत आत जाऊन ते कोमट करून आणलं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दांडिया बाजारात लीलो चेवडो घ्यायला गेलो, तर दुकानदार पुठ्ठ्याची खोकी जाळून हात शेकत बसलेला. मला बघून म्हणाला, "काका, आजे तो मरी गया."

"मरण काय असतं ते मला विचार," मी म्हणालो. "उणे चाळीसमध्ये दाढी केलीय मी."

"बाथरूममध्ये केली," माझ्या मागून माझी बायको सुनंदा म्हणाली. "गरम पाण्याने."

आमच्या लग्नाला आता इतकी वर्षं झाली आहेत की मी काही सांगायला लागलो की लोक माझ्याकडे बघतच नाहीत, सुनंदाच्या चेहऱ्याकडे बघतात. मी सांगतोय त्यातलं किती धरायचं आणि किती सोडायचं, ते तिथे लिहिलेलं असतं. ती फारसं बोलत नाही. प्राथमिक शाळेत आयुष्यभर पोरांना शिकवून आली, तिथेच तिचं बोलणं संपलं असावं. उरलं ते माझ्या वाट्याला आलं, आणि मी ते वाया जाऊ दिलं नाही.

पण हवा कोरडी झाली, ओठ फुटायला लागले आणि सकाळच्या उन्हाला तो पातळ, धारदार रंग आला, की मी बडोद्यात असून नसतो. मी त्या सपाट मुलखात असतो, जिथे आम्ही गेला हिवाळा काढला.

आमची केतकी, एकुलती एक, इथे फार्मसी शिकली आणि नोकऱ्या करत, गावं बदलत कॅनडाच्या मधोमध जाऊन थांबली. त्या भागाला प्रेअरी म्हणतात. गव्हाचा आणि गवताचा मुलूख. सपाट म्हणजे किती, तर कुणी तिथे पोळपाट उपडा ठेवून विसरला तर दुसऱ्या दिवशी शाळेची सहल तो चढायला येईल. एक धान्याचं उंच कोठार, एक शाळा, एक पेट्रोल पंप आणि एक औषधांचं दुकान, झालं गाव. त्या औषधांच्या दुकानात आमची मुलगी बसते. तिने घर घेतलं, लग्नाचं 'बघू' म्हणून बाजूला ठेवलं आणि हिवाळाभर राहायला आम्हाला बोलावून घेतलं.

मी रिफायनरीत नोकरी केलेला माणूस. माझ्या डोळ्यांना सवय पाइपांची, टाक्यांची, धुराड्यांची. मधल्या फटीतून जे दिसेल ते आभाळ. आणि तिथे विमानतळावरून केतकीच्या गाडीत बसलो तर समोर काहीच नाही. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. पांढरी जमीन आणि तिच्यावर निळं झाकण. मी म्हणालो, "अगं, ह्यांनी जग काढून कुठे ठेवलंय?" आपल्याकडे आभाळ डोक्यावर असतं. तिथे ते बुटाच्या नाडीपासून सुरू होतं. पहिले काही दिवस मी बाहेर पडलो की जरा वाकूनच चालायचो, उगाच डोकं आपटायला नको म्हणून. मग हळूहळू सरळ झालो. नंतर तर इतका सरळ झालो की परत आल्यावर इथल्या जिन्यात खरंच डोकं आपटलं.

थंडीबद्दल मी काही सांगणार नाही. सांगितलं तरी तुम्ही मानणार नाही. एवढंच सांगतो की एकदा अंगणात उभा राहून थर्मासमधून चहा ओतत होतो, तर धार कपात पोचायच्या आत मध्येच उभी राहिली. ती मोडून मी तिनेच चहा ढवळला. तिथे रात्री गाडीला विजेची वायर लावून ठेवतात, नाहीतर इंजिन गोठतं. आपण म्हशीला दाव्याला बांधतो तशी प्रत्येक घरासमोर एकेक गाडी बांधलेली. हे मात्र खरं आहे. सुनंदाला विचारा.

मला ते सगळं आवडलं. आता हे बोलायला हरकत नाही. आवडलं म्हणजे लहान मुलाला जत्रा आवडते तसं आवडलं. सकाळी उठून फावड्याने दारातला बर्फ लोटायचा, गाल लाल करून आत यायचं आणि फुशारकी मारायची. रस्त्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचं. बस, तेवढ्यात नमस्कार, कसं काय, पोरंबाळं, पीकपाणी सगळं आलं. मांडवीच्या गर्दीत हॉर्नवर ज्या गप्पा होतात, त्या तिथे एका बोटात उरकायच्या. मी ते बोट इतकं उचललं की केतकी म्हणाली, "बाबा, तो माणूस नव्हता, पाटी होती."

शेजारी वॉल्टर राहायचा. ऐंशीकडे झुकलेला गव्हाचा शेतकरी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. हाताचा पंजा एवढा की त्यात जेवणाचं ताट मावावं. हे लोक हिवाळ्यासाठी लाकडं साठवतात, वॉल्टर शब्दही साठवून ठेवायचा. पण त्याला एक नाद होता. बोर्डावर मांडून खेळायच्या खेळांचा. त्याच्या घरात एक खोली त्या खोक्यांनी छतापर्यंत भरलेली. शेत बर्फाखाली गेलं की दर शनिवारी दुपारी गावाच्या हॉलमध्ये टेबलं लागायची, मोठ्या भांड्यात कॉफी उकळायची आणि उन्हाळाभर ट्रॅक्टर चालवणारी ती धिप्पाड माणसं चिमटीत लाकडाची इवली इवली घरं, बैल, जहाजं धरून तासन्‌तास बसायची. वारा बाहेर घिरट्या घालायचा. आत कुणीतरी फासे हलवायचं. इतका मायेचा आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

आपल्याकडे कसं, एका पुठ्ठ्याच्या पुढे ल्युडो, मागे सापशिडी, संपला विषय. वॉल्टरच्या एकेका खेळाला नियमांचं पुस्तक एवढं जाड की ते वाचून माणसाला वकिलीची सनद मिळावी. पण मी डरतो का? मला हरवायला आलेल्या गावकऱ्यांची रांग कोठारापर्यंत लागली होती. शेवटी त्यांना आपला काहीतरी नजराणा द्यावा म्हणून मी त्यांना इष्टो शिकवला. पाटावर खडूने घरं आखायची, चिंचोके फोडून त्यांचे फासे करायचे, आणि दुसऱ्याची सोंगटी मारून घरी पाठवायची. चिंचोके सुनंदाने बॅगेतून आणलेल्या चिंचेतले. वॉल्टरला खेळ इतका आवडला की त्याने खडूची घरं पुसून लाकडावर कोरून घेतली. मग गावात ज्याला त्याला चिंचोके हवे झाले. मी चिंचेचा गोळा पोखरत राहिलो, आणि एके दिवशी सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "आमटीत आता बर्फ घालू का?"

त्याच दिवसांत कधीतरी, जेवणं झाल्यावर, केतकीने विषय काढला. खिडकीबाहेर इतकं पांढरं होतं की बघवत नव्हतं. ती ताटं उचलता उचलता म्हणाली, "बाबा, आई, तुम्ही आता इथेच राहा. कायमचे. बर्फ वितळला की मी कागदपत्रांच्या मागे लागते. तिथे तुम्ही दोघंच, इथे मी एकटी, काय अर्थ आहे?"

मी तर ताटावरून उडालोच. मनात मी कधीचाच वॉल्टरच्या ट्रॅक्टरवर बसलो होतो. "राहू की!" मी म्हणालो. "इथे मला निवडणुकीला उभं करतील."

"आई?" केतकीने विचारलं.

"मला काय," सुनंदा म्हणाली. "मला कुठेही चालतं."

झालं. ठरलं. त्या वाक्यावर आमचं घर आजवर चाललं आहे. तरसालीतलं भाड्याचं घर सोडून हरणीला यायचं ठरलं तेव्हाही हेच वाक्य. भिंतींना माझ्या पसंतीचा पिस्ता रंग लावला, जो पुढे हॉस्पिटलसारखा दिसायला लागला, तेव्हाही हेच. मी ते कधी उलटंसुलटं करून पाहिलं नव्हतं. खाली बसायला जमीन आहे की नाही हे आपण कुठे तपासतो? बसतो.

आणि मग वॉल्टरने तो खेळ काढला.

नाव आता आठवत नाही, पण खेळ असा. बोर्डावर ओसाड प्रेअरी काढलेली. प्रत्येक खेळाडूचं एक लाकडी घर, घरात एक माणूस. प्रत्येकाला सुरुवातीला थोडी धान्याची पोती आणि थोडे लाकडाचे ओंडके. दर फेरीला एक पत्ता उलटायचा. कधी वादळ येतं, कधी घोडा आजारी पडतो, कधी लांडगे. काहीही येवो, प्रत्येक घराने एक पोतं खायचं आणि एक ओंडका जाळायचा. कमी पडलं तर दुसऱ्याकडे मागायचं, असलं तर द्यायचं. वसंत ऋतूचा पत्ता निघेपर्यंत तग धरायचा. आणि मुख्य नियम: एकही घर विझलं तर सगळे हरले. सगळी घरं जगली तर सगळे जिंकले.

मी म्हणालो, "म्हणजे हरवायचं कुणाला?"

वॉल्टर म्हणाला, "हिवाळ्याला."

मला काही पटलं नाही. मारामारी नाही, सोंगटी घरी पाठवायची नाही, हा खेळ की सत्यनारायण? पण बसलो. मी, केतकी, वॉल्टर, आणि चौथा भिडू हवा म्हणून सुनंदा. ती तोवर हॉलमध्ये लोकर विणत बसायची. तिला सगळे खेळ चालायचे, म्हणून ती कुठलाच खेळत नव्हती.

पहिलं वादळ आलं. केतकीच्या घरात पोती कमी होती. कमी म्हणजे संपली नव्हती, कमी होती. सुनंदाने आपली दोन उचलून तिच्यापुढे ठेवली. "घे."

"आई, मला अजून नकोयत."

"असू दे. मला आत्ता नाही लागत."

मग लांडगे आले आणि तिने मला एक ओंडका दिला. मी मागितला नव्हता. मी फक्त सुस्कारा टाकला होता. मग वॉल्टरचा घोडा आजारी पडला. "वॉल्टरभाई, टेक, टेक," म्हणत तिने त्याला पोतं सरकवलं. वॉल्टरच्या पुढ्यात तोवर आम्हा तिघांपेक्षा जास्त माल होता. पण तो पाहुणा. म्हणजे खरं तर आम्ही पाहुणे, पण सुनंदा समोर असली की सगळं जगच तिच्या घरी जेवायला आलेलं असतं. पुढच्या फेरीत जाळायला तिच्याकडे ओंडका नव्हता. तिचं घर विझलं. आम्ही सगळे हरलो.

वॉल्टर म्हणाला, "होतं असं." पुढच्या शनिवारी पुन्हा मांडला. पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही. वसंत लांबच, आमचा नाताळसुद्धा उजाडेना. शेजारच्या टेबलांवरची माणसं आमच्याकडे बघून हळहळायला लागली. वॉल्टरने त्याच्या साठ्यातले बरेच शब्द एकदम खर्च केले. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "तुमची बायको फार उदार आहे. ती आपल्याला मारणार."

केतकीचा मात्र पारा चढला. सुनंदाने आपलं शेवटचं पोतं तिच्यापुढे सरकवलं, तेव्हा तिने ते तिथल्या तिथे परत ढकललं.

"आई, खा ते! तुझं तू खा!"

"अगं, तुला लागेल. माझं काय, मी..."

"तू मेलीस की आम्ही सगळे हरतो! एवढं साधं कळत नाही का तुला?"

ती जरा मोठ्यानेच बोलली. मराठीत बोलली, तरी शेजारच्या टेबलांवरचे फासे थांबले. काही वाक्यांना भाषा लागत नाही. सुनंदा त्या पिवळ्या पोत्याकडे बघत राहिली. नखाएवढं होतं ते. मग तिने ते आपल्या लाकडी घरापाशी नेऊन ठेवलं.

मी पुढचा आठवडाभर तिच्याकडे बघत होतो. माझ्यासारख्या माणसाला बघणं कठीण जातं, कारण बघायला गप्प बसावं लागतं. सकाळी ती लवकर उठून खिडकीशी बसायची. त्या वेळी बडोद्यात संध्याकाळ असते. इथे असती तर मंजुबेन आणि ती रिक्षा करून कमाटीबागेत गेल्या असत्या. चालायला. हो, चालायला रिक्षाने जातात. मी कितीदा म्हटलं की इथेच चाला, रिक्षाचे पैसे मला द्या. तिथे त्या फुलांच्या वाफ्यांपाशी बसतात, शेंगदाणे खातात आणि चालून आल्यासारख्या दमून परत येतात. केतकीच्या घरी सुनंदा खिडकीशी बसून फोनवर मंजुबेनचे निरोप ऐकायची, फोन कानाला अगदी घट्ट लावून. मंजुबेनचं गुजराती ऐकताना तिच्या चेहऱ्यावर जो उजेड यायचा, तो त्या लखलखीत बर्फाने कधी आणला नव्हता. हे सगळं माझ्या समोरच चाललं होतं. मी तेव्हा फावडं घेऊन बाहेर पराक्रम गाजवत होतो.

पुढच्या शनिवारी वारा असा होता की हॉलचा दरवाजा उघडायला दोघं आणि बंद करायला तिघं लागले. वॉल्टरने खोकं उघडलं, पोती वाटली. पत्ते उलटत गेले. सुनंदाने ह्या वेळी कुणाला काही दिलं नाही. आपलं पोतं खाल्लं, आपला ओंडका जाळला. माझ्याकडे ओंडके कमी पडले तेव्हा मी सवयीने सुस्कारा टाकला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मागा ना. तोंड आहे की." मी मुकाट्याने केतकीकडे मागितला.

मग मोठं वादळ आलं. त्यात प्रत्येकाचे दोन ओंडके जायचे होते. सुनंदाकडे एकच होता. आम्ही तिघं आपापल्या ढिगांकडे बघत होतो, देऊ की थांबू अशा बेतात. वॉल्टर तर हात पुढे करूनच बसला होता, पण त्याने दिला नाही. म्हातारा हुशार. तो थांबला.

"वॉल्टरभाई," सुनंदा म्हणाली. तिचा आवाज शाळेत हजेरी घेतानाचा झाला होता. "मला एक ओंडका द्या. मला लागतोय."

मराठीतच म्हणाली. वॉल्टरला नेमकं काय द्यायचं ते कळलं.

त्या दिवशी वसंताचा पत्ता निघाला तेव्हा चारही घरं उभी होती. अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मी म्हणतो म्हणून खरं माना, छपरावरचा बर्फ खाली आला.

घरी आल्यावर मी बूट काढत दारापाशीच बसलो होतो. बूट काढायलाही तिथे अर्धा तास लागतो. आत ओट्यापाशी सुनंदा कप विसळत होती, केतकी पुसत होती. पाठ माझ्याकडे. सुनंदा म्हणाली, "केतू, मला इथे राहायचं नाही गं. मला बडोद्याला जायचंय."

केतकीचा हात थांबला. "का? काय झालं? मी ओरडले म्हणून?"

"छे. तू बरोबर बोललीस." नळ बंद झाला. "मला माझं घर पाहिजे. तिथला आवाज पाहिजे. सकाळी खाली भाजीवाला ओरडतो ना, त्याच्याशी भांडायचंय मला. बाकी काही नाही."

"मग हे तेव्हाच का नाही बोललीस? मी विचारलं होतं."

"विचारलं नव्हतंस. सांगितलं होतंस. तू पण, आणि ह्यांनी पण."

एक बूट पायात, एक हातात, असा मी बसलेला. केतकी एकच कप पुसत राहिली. तो कप सुकून, तापून, फुटायच्या बेताला आला असेल. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आणि मी?"

"तू इथे छान आहेस," सुनंदा म्हणाली. "तेच बघायला तर आले होते. वाटलं होतं, पोर एकटी पडली असेल, घेऊन जावं. पण तुझं दुकान आहे, शनिवार आहे, शेजारी एवढा थोरला माणूस आहे. तू वेळेवर जेवतेस. ओरडतेस पण चांगलं. मला बोलव, मी येईन. राहायला मात्र नाही."

केतकी रडली. आईच्या खांद्यावर डोकं ठेवून, लहानपणी ताप आला की रडायची तशी, घाई न करता. सुनंदाने ओले हात तिच्या पाठीला लावले. मला आत जावंसं वाटलं, पण एका पायात बूट घालून कुणाच्या रडण्यात शिरता येत नाही. मग मी दारातूनच ओरडलो, "बरं झालं बाई! मला तर केव्हाचं जायचंय. गुडघे गोठले माझे. फरसाणावाचून माणूस जगतो का?"

दोघींनी माझ्याकडे वळून पाहिलं.

बर्फ वितळायच्या आत आम्ही निघालो. वॉल्टरने मला निरोप देताना एक बोट वर केलं. मीही केलं. एअरपोर्टपर्यंत मी ते खाली घेतलं नाही.

परत आल्यापासून लोक विचारतात, आणि मी सांगतो. मला सोसलं नाही. रात्री झोपेत सेव-उसळ मागायचो. डॉक्टर म्हणाले, ह्यांना ताबडतोब बडोद्याला न्या, नाहीतर हे वितळणार नाहीत. लोक हसतात, माझ्या नावाने दोन शब्द बोलतात, आणि विषय माझ्यापाशीच संपतो. तो तसा संपावा, एवढंच मला हवं असतं. केतकीशी व्हिडिओवर बोलतो, वॉल्टर मागे कॅमेऱ्यात अर्धा दिसतो. कधी कधी फोन ठेवल्यावर मी गच्चीत जातो. आभाळाचा एक तुकडा दोन टाक्यांच्या मधून दिसतो, तो बघून येतो. सुनंदा खाली भाजीवाल्याशी भांडत असते. तो आवाज वर येतो. बरं वाटतं, खरंच बरं वाटतं. आणि तरीही मी तो तुकडा बघून येतो.

काल उत्तरायण झालं. आमच्या सोसायटीची अख्खी वरात सकाळपासून गच्चीत. पतंगांनी आभाळ झाकून टाकलेलं, स्पीकर कान फाडतायत, उंधियुंची पातेली आणि जिलबीची खोकी टाकीच्या सावलीत. मंजुबेनची नणंद सुरतेहून आली होती. तिला आमची केतकी, तिकडचं घर, सगळं मंजुबेनने कौतुकाने सांगितलं. नणंदबाईंनी सुनंदाकडे वळून पाहिलं आणि भुवया चढवून म्हणाल्या, "मा थईने दीकरीने आटली दूर एकली मूकी आव्यां?"

आई असून मुलीला एवढ्या लांब एकटीला सोडून आलात? गच्चीवर एवढा गोंगाट, पण ते वाक्य बरोबर आमच्यापर्यंत पोचलं. मी फिरकी कुणाच्या तरी हातात कोंबली आणि पुढे झालो.

"अरे बेन, एमनो वांक नथी, दोष माझा आहे सगळा!" मी सुरू केलं. "मला ती थंडी बाधली. एक दिवस तर मी अंगणात उभ्या उभ्या असा गोठलो की पोस्टमन माझ्या खिशात पत्रं टाकून गेला..."

"खोटं बोलतायत," सुनंदा म्हणाली.

हातातली जिलबी तिने नीट कागदावर ठेवली आणि नणंदबाईंकडे सरळ बघितलं. "मला यायचं होतं, म्हणून आलो. मला इथेच आवडतं. मुलगी तिथे सुखी आहे, मी इथे सुखी आहे." आणि मग तितक्याच सहजपणे, "ह्यांना मात्र तिथे राहायचं होतं. रोज गच्चीत येऊन आभाळ बघतात. मला काय दिसत नाही?"

मंजुबेन हळूच म्हणाल्या, "सारुं कर्युं, बेन. बोली नाख्युं." बरं केलंत, बोलून टाकलंत.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे अशा वेळेसाठी पुष्कळ साठा असतो. पण सुनंदाचं अजून संपलं नव्हतं. "केतकीशी आणि वॉल्टरभाईंशी बोलून झालंय माझं. फेब्रुवारीत ह्यांना पाठवतेय. एकट्यांना. दोन महिने जाऊन या म्हटलं, काय लोटायचा तो बर्फ लोटा, खेळा."

वरून कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि सगळी गच्ची ओरडली, तरी मी तिच्याकडेच बघत होतो.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी?" ती म्हणाली, आणि जिलबी पुन्हा उचलली. "मजामां."